चहा मुरत नाही

मराठीत ‘सादळणे’ असं एक क्रियापद आहे. पापड सादळतात, चिवडा सादळतो, काडेपेटीसुद्धा सादळते. गेली कित्येक वर्षं मी कोलकात्यात राहते. इथे मुरमुरे मऊ पडले की ‘मिइये गेछे’ म्हणतात. अर्थ तोच. हवेतलं पाणी कुणाच्या नकळत कोरड्या वस्तूत शिरतं आणि तिचा कुरकुरीतपणा घेऊन जातं. पापडाचं बरं असतं, दोन तास उन्हात टाकला की तो वठणीवर येतो. चहाचं तसं नाही. सादळलेली पत्ती गरम तव्यावर परतली तर ओलावा जाईल, पण जो सुगंध आधीच निघून गेला तो काही परत येत नाही.

हे मी दुधाच्या चहाबद्दल बोलत नाहीये. आपल्या घराघरांतला चहा म्हणजे सीटीसीची बारीक दाणेदार पूड. 1930च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रांची ही देणगी. ती आलं, गवती चहा, साखर आणि दुधासोबत खळखळा उकळायची. थोडी जुनी झाली तरी आलं तिला सांभाळून घेतं, शिवाय दिवसातून चार वेळा चहा होणाऱ्या घरात ती जुनी व्हायला उरतच नाही. प्रश्न येतो तो सुट्या लांब पानाच्या चहाचा. त्यात नुसतं गरम पाणी घालायचं असतं, त्यामुळे त्याचं शिळेपण लपवायला कुणी पुढे येत नाही.

दरवर्षी वसंतात दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा चहा बाजारात आला की मी अर्धा पाव किलो आईला पाठवते. आई दापोलीजवळच्या आमच्या गावी असते. हा चहा फारसा काळा पडू दिलेला नसतो. पानं हिरवट दिसतात आणि वास ओल्या फुलांसारखा येतो. सगळ्या दार्जिलिंग चहांत लवकर कोमेजतो तो हाच. पावसाळ्याआधी तो संपावा अशी माझी अपेक्षा, आणि आईचं फोनवरचं उत्तर ठरलेलं: “अगं, जपून ठेवलाय. पाहुण्यांसाठी.”

जपून म्हणजे स्वयंपाकघराच्या मांडणीवर, काचेच्या बरणीत. एका बाजूला गोडा मसाला, दुसऱ्या बाजूला हिंगाची डबी. तिसऱ्या प्रहरी खिडकीतून ऊन थेट बरणीवर येतं. चहाचं जितकं म्हणून वाईट करता येईल तितकं त्या एका फळीवर जमून आलेलं. कारखान्यातल्या ड्रायरमधून पान बाहेर पडतं तेव्हा त्यात जेमतेम 3 टक्के ओलावा उरलेला असतो. इतकी कोरडी वस्तू जवळपासचं पाणी ओढणार आणि त्याच ओढीने वासही ओढणार. चिनी लोक या खोडीचा उपयोग करून घेतात. मोगऱ्याच्या जातीची ताजी फुलं रात्रभर चहात मिसळून ठेवली की सकाळी चहालाच फुलांचा वास येतो. आमच्या फळीवर फुलांऐवजी हिंग होता, एवढाच फरक.

पण आईला अडाणी ठरवायला माझी जीभ रेटत नाही. तिचं सगळं घर टिकवण्यावरच उभं आहे. तांदूळ जुना हवा, नव्याचा भात गिचका होतो. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ते मुरू द्यायचं. चिंच मीठ लावून गोळे करून ठेवली की वर्षभर बघायला नको. आगळ, आमसुलं, फणसाची साठं, सगळं उन्हाळ्यात करायचं आणि पावसात काढायचं. या घरात चांगली वस्तू तीच, जी थांबते. “तुझा चहाच एवढा नाजूक कसा गं?” हा तिचा प्रश्न त्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. चीनमधल्या युन्नानचा पु-अर चहा मात्र खरोखरच मुरतो, सूक्ष्मजीव त्याच्यावर वर्षानुवर्षं काम करतात आणि जुन्या वड्यांना मोठी किंमत येते, असं मी एकदा तिला सांगितलं. ती लगेच म्हणाली, “मग तोच पाठवत जा.”

माझ्या स्वतःच्या घरात मी काय करते ते सांगते. एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर घेत नाही. पाकीट फोडलं की दोन आठवड्यांपुरती पत्ती एका लहान स्टीलच्या डब्यात काढते. या डब्याला आत एक घट्ट झाकण आहे आणि वरून दुसरं. डबा लहानच हवा आणि जवळजवळ भरलेला हवा. मोठ्या डब्याच्या तळाशी मूठभर चहा ठेवणं म्हणजे त्याला हवेच्या तोंडी देणं. उरलेली पत्ती मूळच्या चांदीच्या कागदातच ठेवून, हवा दाबून काढून, तोंड दुमडून दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे गॅसपासून लांब, बंद कपाटात. चमचा खडखडीत कोरडा. नवा डबा वापरण्याआधी मी त्यात नाक घालून बघते, बिस्किटांच्या डब्यातून बिस्किटं जातात पण वास जात नाही. क्योटोमध्ये काइकादो नावाचं एक घराणं 1875 पासून हाताने चहाचे डबे घडवतं. त्यांचं झाकण वर ठेवलं की स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरतं आणि आतली हवा बाहेर ढकलतं. असा डबा हाती धरायची मला फार इच्छा आहे. विकत घ्यायची ऐपत हा वेगळा विषय.

फ्रिज नको. न फोडलेलं सीलबंद पाकीट थंडीत ठेवता येतं, पण ते पुन्हा घरातल्या हवेइतकं होईपर्यंत फोडायचं नाही. उघडलेला डबा रोज आत-बाहेर केला, तर भाद्रपदातल्या कोलकात्यात थंड पानांवर दंव धरल्यासारखं पाणी धरतं. डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते आणि सहा आठवड्यांत संपवते. हा सहा आठवड्यांचा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या नाकाचा आहे.

आईला हे सगळं पाठ आहे. माझी एवढी बडबड ऐकल्यावर कुणालाही होईल. अडचण डब्याची नव्हतीच. बाबा शिक्षक होते आणि त्यांचे मित्र संध्याकाळी ओटीवर यायचे, तेव्हा पाहुण्यांसाठी ठेवलेलं खरंच पाहुण्यांना जायचं. बाबा गेले. मित्रांपैकी दोघे गेले, एक मुलाकडे बंगळूरला राहायला गेले. बरणी भरलेली राहू लागली. गेल्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा मांडणीवर तीन वर्षांचा चहा होता, आईने नवा-जुना असा ओळीने लावलेला, तांदळासारखा. सगळ्यांत जुन्याचा रंग वाळक्या गवताचा झाला होता. मी तिन्ही बरण्यांतला चहा केला आणि आम्ही दोघी ओटीवर बसून प्यायलो. तिसऱ्या कपानंतर ती म्हणाली, “पहिल्याला काहीच वास नव्हता, नाही?” मग बराच वेळ ती रस्त्याकडे बघत बसली. मीही काही बोलले नाही.

या वर्षी मी पन्नासच ग्रॅम पाठवला, डब्यासकट. चार दिवसांनी फोन आला. “उघडला गं डबा. पाहुणा आला होता.”

“कोण?”

“तो वीजमीटर बघायला येतो ना, तो मुलगा. ऊन काय मी म्हणत होतं. बस म्हटलं.”

“आवडला त्याला?”

“दूध-साखर मागितली.”

“मग?”

“मग काय, घातली. आणि संपवायचा म्हणतेस तर ऐक, रोज सकाळी मीही घेते एक कप. निम्मा झालाय. तो मुलगा पुढच्या महिन्यात यायचाय, तोवर त्याच्यापुरता उरेल.”