भुऱ्याचे दात

आमच्या घरात भुऱ्याचा मान मोठा होता. नाथषष्ठीच्या यात्रेत बहिणीने हट्टाने घेतलेलं सशाचं ते पिल्लू तेव्हा ओंजळीत मावायचं. "चार दिवसांचं कौतुक," असं म्हणून आप्पांनी हात झटकले खरे. पण पुढे नऊ-दहा वर्षं बाजारातून कोथिंबीर आली की पहिली काडी तेच त्याच्यासमोर धरत.

शेजारी पैठणीचा माग होता. मागाची खटखट चालू असली की भुऱ्या गाढ झोपे. ती थांबली की कान टवकारून उठे. आजी पूजेसाठी दूर्वा निवडायला बसली की तिच्या मांडीला खेटून बसायचा. निवडलेली जुडी गणपतीची, उरलेली हराळी त्याची, असा दोघांचा करार होता. राग आला की मागचा पाय फरशीवर आपटायचा आणि लाडात आला की हवेत उडी मारून अंग पिळायचा. मोबाइलचे चार्जर त्याने किती कुरतडले त्याला गणती नाही.

आपल्या शिवारात दिसणारा ससा वेगळा. घरात पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे वैशाखात पारा चाळिशी ओलांडायचा तेव्हा फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली त्याच्या शेजारी असायची. जायकवाडीचं अथांग पाणी गावाच्या उशाशी, पण दुपारची झळ काही कमी होत नाही.

म्हातारपण हळूच आलं. आधी उड्या गेल्या, मग उंबरा जड झाला. एका उन्हाळ्यात हनुवटी सतत ओली दिसू लागली. तो कोथिंबिरीकडे धावत यायचा, काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. आजी म्हणाली, "भूक हाय त्याला, पण खाईना झालंय. तोंडातच काईतरी दुखतंय बघा."

तिचं निदान बरोबर निघालं. गावच्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ माणूस. गाई-म्हशी, शेळ्या हा त्यांचा रोजचा व्याप; सशाच्या दाढांसाठी त्यांनी संभाजीनगर गाठायला सांगितलं. उन्हं चढायच्या आत आम्ही निघालो. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. भुऱ्याच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून त्यांची टोकं जिभेत रुतली होती. ती घासण्यासाठी भूल द्यावी लागणार होती. माणसाला भुलेआधी उपाशी ठेवतात, म्हणून आईने विचारलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "याला उपाशी ठेवू नका. ससा ओकू शकत नाही, आणि त्याचं पोट थांबलं तर दातांपेक्षा तेच आधी घात करतं."

हे वाक्य घराने मनावर घेतलं. तेव्हापासून आमच्या सकाळी लेंड्या बघण्याने सुरू झाल्या. मोठ्या, गोल, कोरड्या लेंड्या दिसल्या की सगळ्यांचा चहा गोड लागायचा. त्या बारीक झाल्या, किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, की आप्पा चपला घालून तयार. वाण्याच्या तराजूवर दर आठवड्याला वजन व्हायचं. सशाची जात दुसऱ्यांची शिकार होणारी. दुखणं दाखवलं की मरण, म्हणून तो ते लपवतो. कोपऱ्यात पाठ करून बसणं आणि दात करकरणं, एवढीच काय ती त्याची तक्रार.

दाढा घासल्यावर काही महिने बरे गेले. मग जबड्याखाली टणक गाठ आली. दाढेचं मूळ हाडात उतरून तिथे पू झाला होता. सशाचा पू घट्ट असतो, चीर दिली तरी वाहून जात नाही. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन द्यायचं नाही, त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, हे तेव्हा कळलं. रोजची सुई, दुखणं कमी करणारं औषध आणि हाताने भरवणं सुरू झालं.

भरवणं हे बहिणीचं काम. त्याच्या खाण्याच्या गोळ्या भिजवून, मिक्सरमधून काढून, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायच्या. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी फट असते. सिरिंजचं टोक तिथून बाजूने आत सरकवायचं आणि थोडं थोडं दाबायचं. त्याने चावून गिळलं की पुढचा घास. घाई केली तर ठसका लागून घास फुफ्फुसात जायची भीती. रात्रीसुद्धा हे चाले. एका पाहुण्यांनी हसून विचारलं, "सशासाठी एवढं?" आजी फटकन म्हणाली, "काशीची कावड गाढवाला पाजली त्या नाथांच्या गावात बसून इचारता व्हय?"

पुढच्या एक्सरेत हाड पोखरलेलं दिसलं. मोठी शस्त्रक्रिया त्याच्या वयाला झेपणार नव्हती. ती नको, औषधावर ठेवू, आणि तो स्वतःहून काही खातोय तोवर भरवू, असं घरात ठरलं. एके दिवशी आप्पांनी धरलेल्या कोथिंबिरीवरून त्याने तोंड फिरवलं. सिरिंजमधलंही ओठांतून बाहेर आलं. सुई देऊन शांत करण्याचा विषय निघाला की आजी उठून जायची. त्या संध्याकाळी तीच म्हणाली, "आता सोडवा त्याला. आपल्यासाठी किती ठेवायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला सोडवलं.

ससा पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं. तो आजारी पडण्याआधीच सशांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा. गोळ्यांपेक्षा गवत जास्त घाला. दर आठवड्याला वजन करा, लेंड्या रोज बघा. आणि बारा तास त्याने काही खाल्लं नाही, तर "उद्या बघू" म्हणू नका; त्याच वेळी दवाखाना गाठा.