व्याधाची बैठक

गेल्या ऑगस्टात आमच्या धाकट्या बहिणीने आमच्यावर एक कामगिरी सोपवली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, बारा-तेरा वर्षे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आहे. तो धनुष्यबाण शिकतो आहे एवढे तिला ठाऊक होते आणि त्याचे तिला कौतुकही होते. तिच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिकमधली रंगीत वर्तुळे होती. ही तिरंदाजी हरणांच्या शिकारीसाठी आहे, हे तिला कळले ते आदल्या हंगामात तो झाडावर चढताना घसरून घोटा मुरगळून बसला तेव्हा. ती म्हणाली, "दादा, तू त्याला समजाव. तू वाङ्मय शिकवतोस, तुझे तो ऐकेल." वाङ्मय शिकवणाऱ्याचे कोणी ऐकते, हा समज अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावरच्या एका घरात अद्याप टिकून आहे, हे पाहून आम्ही सुखावलो आणि होकार दिला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही फोन लावला. तिकडे सकाळ होती. आम्ही प्रस्तावना करणार तोच तो म्हणाला, "मामा, बरे झाले फोन केलात. तुम्ही फणसाडला मचाणावर रात्रभर बसला होतात ना? मग मला एवढेच सांगा, सगळ्यात आधी काय दुखायला लागले?"

प्रश्न इतका नेमका होता की आमची प्रस्तावना तिथेच राहिली.

त्या रात्रीविषयी थोडे सांगायला हवे. बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्राचे वनखाते अनेक अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि हौशी माणसांना रात्रभर बसून येणारी जनावरे मोजू देते. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते आणि चांदणे भरपूर असते, म्हणून ही तिथी. रायगड जिल्ह्यातल्या फणसाडला पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. अशाच एका गाणाकाठी एका वनरक्षकासह आम्ही दुपारपासून बसलो होतो. मचाण बांबू आणि लाकडाच्या वाशांचे, वर पालापाचोळा. पहिला तासभर आम्हाला आपण ऋषी असल्यासारखे वाटत होते. मग बांबूच्या पेरांची ओळख पटू लागली. प्रत्येक पेराला एक गाठ असते आणि ती मांडीच्या नेमक्या कोणत्या शिरेवर येते, हे नववाजता आम्हाला पाठ झाले होते. पाय लोंबते सोडले तर मुंग्या येत, जवळ घेतले तर गुडघे बोलत. कूस बदलावी तर सारे मचाण करकरे आणि वनरक्षक नुसते आमच्याकडे पाही. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागे. पहाटेच्या सुमारास कुठेतरी भेकर भुंकले, पाण्याकाठी काहीतरी हलले. ते नेमके काय होते हे आम्ही सांगू शकत नाही, कारण त्याच क्षणी आमच्या डाव्या पायात गोळा आला होता आणि आम्ही मुकाट्याने पोटरी चोळत होतो. नोंदवहीत वनरक्षकाने 'सांबर, मादी, एक' असे लिहिले. ती सांबरी आम्ही त्याच्या हस्ताक्षरात पाहिली.

भाच्याला आम्ही सांगितले, आधी मांडीची खालची बाजू, मग कंबर, मग अहंकार.

तो हसला आणि आपली अडचण सांगू लागला. त्याला हवे होते ते झाडाला टांगायचे मचाण. आपल्याकडचे मचाण चार खांबांवर किंवा फांद्यांच्या बेचक्यात बांधतात. हे एकाच सरळ खोडाला पट्ट्याने अडकवायचे. पाय टेकायला धातूची जाळीदार पाटी, तिच्यावर छोटी बैठक, आणि या दोहोंना जोडणारा एक उभा दांडा. पट्टा दांड्याला खोडाशी आवळतो, पाटीच्या मागच्या कडेचे दात सालीत रुततात आणि बसणाऱ्याचे वजन जितके पडेल तितकी पकड घट्ट होते. पोलादाचे स्वस्त मिळते पण आठ-नऊ किलो भरते. ॲल्युमिनियमचे त्याच्या निम्म्यावर येते, किंमत मात्र उलट दिशेने जाते. चढायच्या शिड्यांचे तुकडे वेगळे, धनुष्य वेगळे, गरम कपडे वेगळे, आणि हे सारे पाठीवर घेऊन पहाटेच्या अंधारात मैलभर चालायचे. घोटा दुखरा झाल्यापासून प्रत्येक किलो त्याला मोजावा लागत होता.

आम्ही म्हणालो, मग हलके घे, त्यात विचार कसला. त्यावर त्याने जे सांगितले त्याने आम्ही या विषयात खऱ्या अर्थाने ओढले गेलो. बंदूकवाला बसल्या जागेवरून गोळी झाडू शकतो, शंभर पावलांवरच्या जनावरावरही. धनुर्धराला जनावर वीस-पंचवीस पावलांत यावे लागते, आणि ते आले की बहुधा उभे राहून, कोपर मागे नेऊन प्रत्यंचा ओढावी लागते. म्हणजे चार तास निश्चल बसल्यावर हरणाच्या ऐकण्याच्या टप्प्यात उठायचे, तेही बैठक न करकरता आणि गुडघा न वाजता. वजन वाचवण्यासाठी पाटी लहान केली तर उभे राहिल्यावर पाय वळवायला जागा उरत नाही. बैठक बुटकी केली तर उठताना खटपट होते. जाड गादीची घेतली तर ती पाणी पिते आणि नोव्हेंबरात बर्फाची लादी होते. ताणलेल्या जाळीची बैठक झोळीसारखी असते, मांडी दुखवत नाही, पण तीत बसलेला माणूस लवकर पेंगतो. पेंगलेला माणूस वीस फुटांवरून खाली येतो.

हे ऐकताना आम्हाला व्याध आठवला.

आमच्या घरी महाशिवरात्रीला 'शिवलीलामृता'चा दुसरा अध्याय वाचण्याची रीत आहे. आईनंतर ती बहिणीने चालवली. श्रीधराने हा ग्रंथ १७१८ साली बारामतीस पूर्ण केला. त्यातल्या व्याधाची कथा वाचकांना माहीत असेलच. दिवसभर शिकार न मिळालेला व्याध रात्री तळ्याकाठच्या बेलावर चढून बसतो, नजरेआड येणारी पाने खुडून खाली टाकतो, ती नकळत पिंडीवर पडतात. मृगी पाण्यावर येते, बाण जोडलेला पाहून मनुष्यवाणीने बोलते, परत येण्याचे वचन देऊन जाते. मग दुसरी येते, मग मृग. पहाटे सारी परततात आणि आधी मला मार म्हणून आपसांत भांडतात. या कथेवर आम्ही वर्गात बोललो आहोत आणि दरवेळी वचन, सत्य, अजाणता घडलेली पूजा अशाच अंगांनी बोललो. हा माणूस झाडावर बसला कसा होता, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. भाच्याच्या त्या प्रश्नाने तो पडला.

बेलाला काटे असतात, सरळ आणि चांगले बोटभर. महाशिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी, चंद्र उगवतो तो पहाटेच्या तोंडावर. म्हणजे हा मनुष्य काटेरी झाडात, जवळजवळ पूर्ण अंधारात, उपाशीपोटी बसला आहे. पाने तो भक्तीने खुडत नाही, तसेच विरंगुळ्यानेही खुडत नाही. बाणाची वाट मोकळी करणे हे या धंद्यातले पहिले काम आहे, भाचाही हंगामाआधी जाऊन डहाळ्या छाटून येतो. कथेने शिकाऱ्याच्या कामातलेच एक काम उचलून त्याची पूजा केली आहे, आणि शिकाऱ्याच्या जाग्रणाचे जागरण. बैठक सुखाची असती तर दुसऱ्या प्रहरी व्याध पेंगला असता. मृगी येऊन पाणी पिऊन गेली असती आणि अध्याय तिथेच संपला असता. दशरथाचीही गोष्ट रात्रीची, पाण्याकाठची आणि धनुष्याचीच आहे. पण तो वाट पाहत नाही, आवाज येताच बाण सोडतो आणि श्रावण मरतो. व्याध थांबतो, म्हणून मृगीला बोलायला अवसर मिळतो. धनुष्याला जनावर जवळ यावे लागते. इतके जवळ, की त्याचे बोलणे ऐकू यावे.

हे सारे आम्ही भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "मामा, इथे रात्री शिकार करायला कायद्याने बंदी आहे. नाहीतर कोण काय बोलते ते ऐकले असते."

मग आम्ही मूळ कामगिरीकडे वळलो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा गुन्हा आहे, आणि आमच्या पिढीने कॉर्बेट वाचला तो कसलेल्या शिकाऱ्याच्या आठवणी म्हणून, अनुकरणासाठी नव्हे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर दहा रात्री काढून अकराव्या रात्री, १९२६ च्या मे महिन्यात, त्याने नेम साधला. तिथे माणसे मरत होती. तुझ्याकडे कोण मरते आहे, असे आम्ही विचारले. त्याने लांडगे संपल्यावर हरणे किती माजली, जंगलातली रोपे कशी खाऊन टाकली ते सांगितले. त्याच विस्कॉन्सिनात शिकवलेला आल्डो लिओपोल्ड, ज्याचे 'सँड काउंटी अल्मनॅक' १९४९ साली त्याच्या मृत्यूनंतर निघाले, तो स्वतः धनुष्ये घडवी आणि त्यांनी शिकार करी, हेही त्याने सुनावले. आम्ही पर्यावरणवादी साहित्य या विषयावर दोन भाषणे दिली असल्यामुळे हा घाव वर्मी बसला. शेवटी तो हलकेच म्हणाला, "आणि मामा, मी मारतो ते घरी खातो. तुम्ही रविवारी बोंबील आणता, ते काय पुराणातले असतात?"

आम्ही वर्सोव्याहून बोंबील आणतो, हे खरे आहे. कोळणीशी भाव करताना आमच्याशी कोणता मासा मनुष्यवाणीने बोललेला नाही.

आम्हाला पटले असे नाही. मरणाच्या इतके जवळ जाऊन बसण्यात, त्यासाठी चार-चार तास बैठक मोडण्यात, काय सापडत असेल हे आम्हाला कळते आहे असे वाटते आणि बाण सुटल्याच्या पुढे ते कळेनासे होते. पण त्या संध्याकाळी आम्ही त्याला परावृत्त केले नाही, एवढे कबूल केले पाहिजे. उलट तासभर बसून त्याच्याबरोबर मचाण निवडले. सगळ्यात हलके आम्ही बाद केले, पाटी फारच चिंचोळी होती. जाळीच्या बैठकीचे, ती खोडाकडे आवाज न करता उचलता येईल असे, पाच किलोंच्या आसपासचे एक ठरले. पट्टा वर्षभर झाडावर ठेवायचा नाही, उन्हाने तो कुजतो आणि खोड वाढून ताणला जातो, हे त्यालाच माहीत होते. आम्ही एकच अट घातली. छाती-मांड्यांना आवळणारा जो सुरक्षापट्टा असतो तो जमिनीवर असतानाच दोराला जोडायचा आणि पुन्हा जमिनीवर पाय लागेपर्यंत सोडायचा नाही. गेल्या वेळी वर पोचल्यावर बांधू म्हणून तो चढला होता, आणि घसरला तो वाटेतच.

बहिणीला सांगणे जड गेले. ती एवढेच म्हणाली, "मी तुला समजवायला पाठवले होते." दोन दिवस बोलली नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी भाच्याचे छायाचित्र आले. पानगळ झालेले रान, थोडे बर्फ, आणि त्याच्या गुडघ्याशी पडलेला नर, शिंगे फार मोठी नाहीत. चेहऱ्यावर हसू आहे की थकवा ते आम्हाला ठरवता आले नाही. छायाचित्र बहिणीला दाखवावे की नाही या विचारात आम्ही दुपार घालवली. संध्याकाळी ती स्वतःच आली, त्याने तिलाही पाठवले होते. तिने ते आमच्यासमोर पुन्हा उघडले, हरणावर अंगठा ठेवून ते झाकले आणि मुलाच्या छातीकडे बोट नेऊन विचारले, "दादा, हा काळा दिसतो आहे तो पट्टाच ना?"