गेल्या पुराची खूण

पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठी आम्ही पूर फूट-इंचात मोजतो. जुलै लागला की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, याशिवाय कोल्हापुरात बोलणं पुढं सरकत नाही. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे बहुतेकांना पाठ असतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की 1428 क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं आणि ते शहराजवळ पोचायला काही तास लागतात, याचाही अंदाज लोकांना असतो. नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि माणसं त्या पाण्यात भक्तीनं स्नान करतात. नदीची इतकी सवय असलेल्या माणसांना धोका कळत नाही, असं म्हणणं मला पटत नाही. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये हजारो लोक पाण्यात अडकले. त्याचं कारण मला लोकांच्या अज्ञानात दिसत नाही. त्यांच्या अनुभवातच दिसतं.

2005 चा महापूर एका अख्ख्या पिढीनं पाहिलेला सर्वांत मोठा पूर होता. त्या वर्षी पाणी जिथवर आलं, ती प्रत्येक घराची मनातली शेवटची रेघ झाली. पुढं नव्या घराचं जोतं त्या रेघेच्या वर घेतलं गेलं, धान्याची पोती तेवढ्याच उंचीवर चढली, आणि ज्यांच्या उंबऱ्याला तेव्हा पाणी लागलं नव्हतं ते निर्धास्त झाले. ही तयारीच होती, पण होऊन गेलेल्या पुराची. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तिथली धोका पातळी 45 फूट आहे. कोल्हापुरात ते 55 फुटांच्या पुढं गेलं. जुनी रेघ बुडाली हे लक्षात येईतो रस्ते गेले होते, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि बाहेर पडायला बोटीशिवाय मार्ग उरला नव्हता. ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली ती अशा उशिराच्या सुटकेत. आता 2019 ची रेघ नवी शेवटची रेघ झाली आहे, आणि ती तितकीच फसवी आहे. 2021 ला कोल्हापुरात पाणी 56 फुटांवर जाऊन तिच्याही वर गेलं. सांगलीत मात्र ते तिच्या खालीच राहिलं. पाऊस कुठल्या खोऱ्यात किती पडला, धरणं किती भरलेली होती, धरणांतून सोडलेलं पाणी संगमावर एकाच वेळी आलं की मागेपुढे, यावर प्रत्येक पूर वेगळा ठरतो.

सरकारी भाषाही या गैरसमजाला हातभार लावते. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, नुकताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं काळजी नाही. खरा अर्थ असा की निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी शेकडा 4 असते, गेल्या वर्षी येऊन गेलं असलं तरी. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून त्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. हा हिशोब प्लॉट विकताना कुणी मांडत नाही.

यावर अधिकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: सांगूनही लोक हलत नाहीत. खरं आहे, पण का हलत नाहीत? दावणीला चार म्हशी असलेला माणूस शाळेच्या खोलीत जाऊन बसू शकत नाही. दोन वेळची धार, वैरण आणि दूध संस्थेचं बिल यांवर त्याचं घर चालतं. 1989 च्या पुरानंतर चिखली गावासाठी सोनतळीला जागा दिली गेली, तरी जुनं गाव आजही नांदतं, कारण रान आणि गोठा तिथंच आहे. 2021 ला अनेक गावांतले लोक जनावरांसह आधीच बाहेर पडले. आठवण ताजी असली आणि जनावराची सोय डोळ्यासमोर असली की माणूस हलतो.

दुसरा आक्षेप कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. 2019 च्या पुराचं कारण अलमट्टीचा फुगवटा नव्हे, असा निष्कर्ष त्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं काढला. इथल्या अनेकांना तो मान्य नाही. हा वाद अभ्यासानं आणि दोन राज्यांच्या बोलण्यानं सुटावा, त्याची गरज मीही मानतो. पण दोष कर्नाटकाच्या धरणाचा ठरला तरी आपल्या गल्लीतलं पाणी एक इंचानं कमी होत नाही, आणि सगळा राग तिकडं वळला की नदीपात्रातल्या आपल्याच भरावांकडं कुणी बघत नाही.

म्हणून प्रत्येक काठच्या ग्रामपंचायतीकडं माझं मागणं आहे. जून लागण्याआधी चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहा: बंधाऱ्यावर किती फूट झाले की कुठल्या गल्लीत पाणी येतं, कुठला रस्ता आधी बुडतो, जनावरं कुणाच्या माळावर न्यायची आणि तिथं वैरण कोण देणार. त्याखाली 2019 आणि 2021 च्या पातळ्या लिहा, आणि त्यांच्या वर चार फूट जागा मोकळी ठेवा.