दोरा ताणा, विमानाची वाट दिसते!

बिदर आणि बंगळूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत! भाच्याचा पृथ्वीगोल पुसताना हे ध्यानात आलं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. दोन्ही गावं साडेसत्याहत्तर अंश पूर्वेच्या आसपास. म्हणजे बिदरहून निघालेल्या विमानाने नाकासमोर दक्षिण धरायची, की आलं बंगळूर!

मग अंतर काढायला लागतो फक्त एक गुणाकार. बिदरचा विमानतळ 17.9 अक्षांशावर, बंगळूरचा 13.2 वर. फरक 4.7 अंशांचा आणि अंशाला 111 किलोमीटर. झाले सुमारे 522! रस्त्याने हेच जवळपास 700 भरतात आणि रेल्वेत अख्खी रात्र जाते.

गुलबर्ग्याची, म्हणजे आताच्या कलबुर्गीची, गंमत याहून भारी. तिथला विमानतळ बंगळूरच्या उत्तरेला 456 किलोमीटर, शिवाय 80 किलोमीटर पश्चिमेला सरकलेला. पण हे 80 बेरजेत धरायचे नाहीत, काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढायचा. उत्तर येतं 463. आडवे 80 किलोमीटर, आणि वाट वाढली अवघी 7 ने! शाळेतला पायथागोरस इथे भेटेल असं कुणाला वाटलं होतं?

वेळेचा हिशेबही असाच मजेचा. ताशी 800 च्या वेगाने बिदर-बंगळूर 40 मिनिटांत उरकायला हवं. तिकिटावर मात्र तासाहून जास्त वेळ असतो. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, वेग कमी करत उतरणं, हे अंतर कितीही असलं तरी चुकत नाही. जवळच्या प्रवासात ते डोळ्यांत भरतं, लांबच्या प्रवासात खपून जातं.

आणि लांबचा प्रवास म्हणजे बंगळूर-सॅन फ्रान्सिस्को! गोलावर एका बोटाने बंगळूर दाबलं, दुसऱ्याने सॅन फ्रान्सिस्को, आणि मधला शिवणाचा दोरा ताणला. तो युरोपावरून गेला नाही, पॅसिफिकच्या मधूनही नाही. सरकत सरकत पार उत्तरेला, आर्क्टिकच्या कडेला जाऊन बसला! जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून त्याहूनही उत्तरेने, ध्रुवावरून बंगळूरला आणलं. दोन शहरांमधलं सरळ अंतरच जवळपास 14 हजार किलोमीटर, उड्डाण सतरा तासांचं. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट सापडायची नाही. ध्रुवाचा एक बिंदू तिथे कागदभर ताणलेला असतो.

कलबुर्गीचा विमानतळ 22 नोव्हेंबर 2019 ला सुरू झाला, बिदरचा 7 फेब्रुवारी 2020 ला. विमान आता आपल्या दारात आलंय. तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याणच्या मास्तरांनो, कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढा आणि पोरांच्या हातात दोरा द्या. भूगोल आणि गणित एकाच तासात शिकवून होईल!