खडपावरचा स्पंज

माझ्या थोरल्या बंधूंच्या पायाचे बोट कापावे लागले त्यास आता पुष्कळ काळ लोटला; परंतु ते ज्या कारणाने कापावे लागले त्याची चीड अद्याप शमलेली नाही, आणि त्याच सुमारास गोव्यातल्या आमच्या केरीच्या खडपावरील एका क्षुद्र जीवाने मला जे दाखविले त्याचे आश्चर्यही ओसरलेले नाही.

दादा जन्माचा रापणकार. मधुमेह अंगी होताच. केरीची वाळू संपून हरमलच्या दिशेने जे खडप लागते तेथे ओहोटीच्या वेळी कालवे काढताना त्याचे बोट चिरले, आणि ती जखम चिघळली. तालुक्यातील एका औषधविक्रेत्याने चिठ्ठी न मागता सेफिक्झिमच्या गोळ्या हाती दिल्या. उतार पडेना तेव्हा त्याच आणखी दिल्या, आणि त्यानंतर निराळ्या रंगाच्या. हे औषध परिशिष्ट एच-1 मधील आहे. ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावे, चिठ्ठी देणाऱ्याचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे परिमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे आणि ते दप्तर तीन वर्षे जतन करावे, असा नियम 1 मार्च 2014 पासून अमलात आहे. त्या दुकानी दादाचे नाव कोणत्याही वहीत चढले नाही. पुढे पू तपासला तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, आणि या जीवाणूवर सेफिक्झिमचा मुळातच फारसा प्रभाव पडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे ज्या दिवसांत बोट वाचविता आले असते ते सारे दिवस आम्ही, ज्या औषधाचा त्या रोगाशी संबंधच नव्हता त्याच्या गुणाची, इमानाने वेळ पाळून, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर वाट पाहण्यात घालविले. अहवालात औषधांच्या नावांपुढे ‘आर’ हे अक्षर ओळीने उमटले होते. त्याचा अर्थ, हे औषध निष्प्रभ. मी तो कागद फिर्यादीसारखा घेऊन हिंडलो. कोणी दाद दिली नाही. विक्रेता म्हणाला, सगळेच असे देतात. आणि दुर्दैव असे की त्याचे म्हणणे खरे होते.

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती रीतसर परवाना घेऊन त्याच खडपावरील नारिंगी, चेंडूसारख्या गोल स्पंजाचा नखाएवढा तुकडा घेऊन गेली होती. सिनाकायरेला कॅव्हर्नोझा हे त्याचे शास्त्रीय नाव. आम्ही लहानपणापासून तो पायाने चुकवीत आलो, त्याला नाव आहे हेही आम्हांस ठाऊक नव्हते. तिने प्रयोगशाळेत मला अगारची एक तबकडी दाखविली. तिच्यावर दादाच्या शत्रूच्याच जातीचा जीवाणू फिकट पिवळ्या सायीसारखा पसरला होता. मध्ये स्पंजाच्या पृष्ठभागावरून वेगळ्या काढलेल्या एका जीवाणूचा ठिपका होता, आणि त्या ठिपक्याभोवती नितळ, रिकामे वर्तुळ पडले होते. त्या मर्यादेच्या आत स्टॅफिलोकॉकसचा मागमूस नव्हता. मी कितीतरी वेळ ती तबकडी उजेडाकडे धरून उभा राहिलो.

“मामा,” ती म्हणाली, “स्पंजाला कवच नाही, नांगी नाही, पळून जायला पाय नाहीत. दिवसरात्र समुद्राचे पाणी अंगातून गाळतो, त्यातून सगळे रोगजंतू त्याच्यात शिरतात. तरी तो सडत नाही.” काही जातींत तर शरीराच्या वस्तुमानाचा 35 ते 40 टक्क्यांपर्यंतचा भाग निव्वळ जीवाणूंचा असतो, आणि पुष्कळ वेळा रक्षणाची रसायने तेच निर्माण करतात. आमच्याच गोव्यात, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नरसिंह ठाकूर व ए. सी. अनिल यांनी इर्सिनिया रामोसा या स्पंजाच्या जीवाणूविरोधी गुणात त्याच्या पृष्ठभागावरील जीवाणूंचे महत्त्व 2000 साली मांडले होते. 2014 साली यॉर्न पील यांच्या चमूने थिओनेला स्वाइनहोई या स्पंजातील बहुतेक सारी जैविक रसायने एंटोथिओनेला नावाच्या एकाच जीवाणूची असल्याचे दाखविले.

मग औषध कोठे आहे? हा प्रश्न मी रागानेच विचारला. तिने सांगितले की यांतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. जे वाढतात त्यांतील काही स्पंजापासून दूर होताच ते रसायन करणे सोडतात. आणि तबकडीवरच्या वर्तुळापासून रोग्याच्या शिरेपर्यंतचा मार्ग अनेक वर्षांचा असतो. ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना 1945 साली सार्डिनियात काल्यारीच्या समुद्रात, गटाराच्या तोंडाशी जी बुरशी सापडली, तिच्यापासून पहिले सेफलोस्पोरिन औषध 1964 साली बाजारात आले. दादाचे सेफिक्झिम त्याच कुळातले! समुद्राने एकदा दिलेले औषध आम्ही चिठ्ठीवाचून वाटले, आणि आता पुन्हा समुद्राच्या दारी उभे आहोत.

म्हणून तिला मी प्रथम म्हटले की हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, खडप जसे आहे तसे राहू द्या. नवे औषध आले तरी तेही असेच वाटून नासले जाईल. अजूनही मला यात तथ्य वाटते. तथापि तिचा तो अभ्यास बंद पडावा असे मला वाटत नाही, आणि पुढच्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीची वेळ मीच तिला कळविली. दादा म्हणतो, बोट गेले ते माझे, तू एवढा का तापतोस? त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. परंतु चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देणाऱ्या दुकानी पाय ठेवू नका, आणि चिघळलेल्या जखमेचा पू आधी तपासून घ्या, हे मी केरीत ज्याला त्याला सांगत असतो, व सांगत राहणार.