तिथीची पाऊणपट

भाचीने लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर पाठवला होता. स्थळ : मुरुड, तालुका दापोली. मुहूर्त : गोरज. तारखेची जागा कोरी. आणि तळाशी, जिथे एरवी ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात तिथे, ‘पुळणीवर चालायचे आहे, उंच टाचांच्या चपला नकोत.’ त्या एका ओळीने मी या लग्नाच्या बाजूची झाले. हॉलच्या गार हवेत, फोटोवाल्याने सांगितले म्हणून दोनदा घातलेले हार मला कधीच आवडले नाहीत.

“मावशी, तारीख तू बघ,” भाची फोनवर म्हणाली. “हॉलचं बुकिंग नाही, काही नाही. समुद्र काय, कधीही मोकळाच.” तिचे बाबा गेल्यापासून कालनिर्णय उघडायची कामे माझ्याकडे येतात.

समुद्र मात्र कधीही मोकळा नसतो. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाला त्याच्या वेळा तोंडपाठ असतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी तशीच रात्री. पुढे सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी पाण्यात लोटायला पुरतो. आमचे आजोबा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून सांगायचे, “आत्ता जाऊ नका, पाणी चढतंय.”

गुरुजींनी दशमी सुचवली. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे सूर्य बुडताना मंगलाष्टके चालू आणि पाणी आपल्या दिशेने येते आहे. ते दिवस भांगाचे, त्यामुळे लाट सुरूच्या बनापर्यंत पोचणार नाही हे खरे. तरी सप्तपदीला जागा चोरून घ्यावी लागणार. द्वितीयेचे बघा : दीडला भरती, पावणेआठच्या सुमाराला ओहोटी. गोरज मुहूर्ताला पाणी मागे सरत असते आणि लग्न लागल्यावरही सरतच राहते. उधाणाचे दिवस, म्हणून पुळण रुंद. शुद्ध द्वितीया असेल तर पश्चिमेला चंद्राची कोरही. ज्या तिथीवरून गुरुजी लग्न काढतात तिच्यावरूनच खलाशी होडी काढतो. पंचांगाचा हा दुसरा उपयोग आपण घरातून जाऊ दिला, याचे मला वाईट वाटते.

पाण्यावरून वेळ काढणे आपल्या लग्नांना नवीन नाही. आमच्या घरी घटिकापात्र होते. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढे भोक. घंगाळात पाणी भरून वर ती सोडायची. चोवीस मिनिटांनी ती भरून बुडते, ती एक घटिका. दिवसरात्र मिळून साठ. आजीच्या लग्नात तीच वाटी बसवली होती. तिला आधी हळदकुंकू वाहिले, मग सूर्यबिंब अर्धे बुडालेले पाहून ती पाण्यावर ठेवली, आणि घरातले एक वडीलधारे गृहस्थ शेजारी पाटावर बसले. त्यांच्याशी कुणी बोलायचे नाही, त्यांनी उठायचे नाही. बाहेर वाजंत्री, वऱ्हाडाचे रुसवे, कुणाचे तरी शालूवरून भांडण. आणि आत तो एकटा माणूस पाण्याकडे बघतो आहे. आजी सांगायची, तिने स्वतःच्या लग्नातले बाकी काही नीट पाहिले नाही, पण माजघरातून ती वाटी दिसत होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ती वाटी खूप वेळा सोडली आहे. रिकामी असताना ती अस्वस्थ असते, घंगाळाच्या कडेला जाऊन लागते. भोकातून पाण्याची केसाएवढी धार आत उडत असते. तळ झाकला की धार दिसेनाशी होते आणि तिथे फक्त एक उंचवटा हलत राहतो. वाटी जडावते, मधोमध येऊन थांबते. शेवटी काठ पाण्याच्या बरोबरीला येतो तेव्हा पाणी लगेच आत शिरत नाही. काठावर फुगून थांबते. मग एका बाजूने आत येते आणि तांब्यावर तांबे आपटल्याचा ठक्क आवाज होतो. त्या आवाजावर अंतरपाट दूर व्हायचा. पुढे मनगटी घड्याळे आली आणि ती वाटी फुलझाडांना पाणी घालायला गेली.

मुरुडला जागा बघायला गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. भाचीने हौसेने उपरण्याचा अंतरपाट धरायला लावला. समुद्राकडून खारा वारा असा की उपरणे तिच्या चेहऱ्याला घट्ट चिकटले. कपाळ, नाक, हसणारे ओठ, सगळे कापडावर उमटले आणि समोरच्या मुलाला मुहूर्ताआधीच दिसले. सहाच्या सुमाराला वारा पडला. रात्री जमिनीवरून मतलई सुटतो, त्याच्या आधीची ही निवांत वेळ. होमाचा अग्नी टिकेल तो याच वेळेत.

दिव्यांबद्दल मात्र मी हट्टाला पेटले. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि साधारण तेव्हाच, नोव्हेंबरपासून, ऑलिव्ह रिडले कासविणी कोकणच्या वाळूत अंडी घालायला येऊ लागतात. उत्तरेला वेळासला गावकऱ्यांनी २००२पासून ती घरटी राखली. झगझगीत उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले रात्री बाहेर पडतात ती उजळ क्षितिजाकडे धावतात, ते क्षितिज समुद्राचे असावे लागते. हॅलोजन लावले तर ती मांडवाकडे येतील. म्हणून पुळणीवर फक्त काचेतल्या समया. पंगत सुरूच्या पलीकडे, वाडीत.

पंगत म्हटले की मुरुडात मला कर्वे आठवतात. लोक इथे आता डॉल्फिन बघायला येतात, पण धोंडो केशव कर्वे याच गावचे. मार्च १८९३मध्ये त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केले. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यानंतर दोघे मुरुडला आले तर गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच गोदूबाई, बाया कर्वे, पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या.

माझ्या बहिणीला अजूनही घरच्या मंगलकार्यात हळदीच्या वेळी ‘तू जरा आत बस’ असे प्रेमाने सांगणारी माणसे आहेत. मुंडावळ्या आईनेच बांधायच्या आणि मुहूर्ताला तिनेच शेजारी उभे राहायचे, हे भाचीने ठरवून टाकले आहे. गुरुजींना विचारायचे ते फक्त द्वितीयेचे.