मध्येच तुटणारा आवाज

सराउंड साउंडची जी यंत्रणा कायमची मुकी झाली आहे ती दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो आणि मीटर लावून त्याच्या मुळाशी जाता येते. परंतु जिचा आवाज चित्रपट ऐन रंगात आला असता दोन सेकंद तुटतो आणि काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होतो, ती यंत्रणा अनुभवी तंत्रज्ञाचीही परीक्षा पाहते. तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा सर्व काही ठणठणीत असते, तो गेल्यावर त्याच रात्री आवाज पुन्हा तुटतो, आणि मग आधी केबल, नंतर सेट-टॉप बॉक्स, शेवटी रिसीव्हर अशी अंदाजाने वस्तू बदलण्याची मालिका सुरू होते, जिच्यात पैसा खर्च होतो आणि कारण मात्र कळत नाही. या कामातील कौशल्य पाहू गेले तर ते शांततेचे प्रकार ओळखण्यात आणि दोष हवा तेव्हा घडवून आणता येईपर्यंत तो सापडला असे न मानण्यात आहे.

‘५.१’ या रचनेत समोर डावा, मधला व उजवा आणि बाजूंना किंवा मागे दोन असे पाच पूर्ण पट्ट्याचे ध्वनिमार्ग असतात, तर ‘.१’ हा सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेला मार्ग असतो. १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आलेली आणि पुढे डीव्हीडीमार्फत घरात शिरलेली डॉल्बी डिजिटल पद्धती हे सहाही मार्ग आकसून एकाच प्रवाहात बांधते. हा प्रवाह फ्रेम नावाच्या छोट्या तुकड्यांचा बनलेला असतो. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने १,५३६ नमुन्यांची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची होते. एखादी फ्रेम वाटेत बिघडली तर रिसीव्हर, म्हणजे येणारा प्रवाह उलगडून प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा देणारा ॲम्प्लिफायर, तेवढ्यापुरता आवाज दाबून टाकतो. पण प्रवाहाचा ताळमेळच सुटला तर फ्रेमची सुरुवात नव्याने शोधून, ती खात्रीची आहे हे तपासून मगच तो आवाज सोडतो, आणि त्यात सेकंद-दोन सेकंद सहज जातात. हे दाबणे हेतुपुरस्सर असते, कारण आकसलेली माहिती चुकून साध्या ध्वनीप्रमाणे वाजवली गेली तर तिचा कर्कश फुत्कार स्पीकर निकामी करू शकतो. तेव्हा ग्राहकाला जो बिघाड वाटतो तो पुष्कळदा रिसीव्हरने आपले काम चोख केल्याचा पुरावा असतो, आणि खरा दोष त्याच्या अलीकडे कुठेतरी असतो.

म्हणूनच पहिले निदान कानानेच करावे लागते. स्पीकरच्या तारेत, सोल्डरच्या सांध्यात किंवा आवाजाच्या बटणात, अर्थात ॲनालॉग भागात, दोष असेल तर शांततेच्या आधी किंवा नंतर खरखर होते, आवाज बारीक होतो, घासल्यासारखा येतो. डिजिटल भागातील शांतता मात्र सुरीने कापल्यासारखी, दोन्ही कडा स्वच्छ असलेली असते. त्याच वेळी रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे पाहिले पाहिजे. आवाज तुटताना ‘डॉल्बी डिजिटल’ ही अक्षरे विझून परत उमटली, किंवा त्या जागी ‘पीसीएम’, म्हणजे न आकसलेला ध्वनी, असे आले आणि आतून रिलेची ‘टक्’ ऐकू आली, तर प्रवाह रिसीव्हरपर्यंत पोचतच नव्हता हे उघड आहे. अक्षरे जागच्या जागी राहिली आणि एकच स्पीकर गप्प झाला, तर टीव्ही आणि त्याच्या केबलकडे पाहण्याचे कारण उरत नाही, कारण सहाही मार्ग एकाच प्रवाहातून येत असताना केबलच्या दोषाने एकटा मागचा डावा स्पीकर बंद पडणे संभवत नाही. सर्व स्पीकर गप्प, अक्षरे स्थिर आणि चित्रही क्षणभर काळे, असे झाले तर विचार तिसऱ्याच दिशेने करावा लागतो. इतके निरीक्षण घरच्या माणसालाही करता येते, तरीही तक्रार बहुतेक वेळा ‘आवाज जातो-येतो’ एवढ्यावरच संपते.

आज बहुतांश घरांत टीव्ही भिंतीवर आणि रिसीव्हर किंवा साउंडबार खाली अशी मांडणी असते, आणि दोघांमध्ये एकच एचडीएमआय केबल असते. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत एआरसी ही सोय आली, जिच्यामुळे चित्र ज्या केबलने टीव्हीकडे जाते त्याच केबलने टीव्हीचा आवाज उलट दिशेने परत येतो. या उलट प्रवासासाठी चित्राच्या तारांऐवजी, प्लगमधील १९ पिनांपैकी चौदावी आणि एकोणिसावी या पिनांच्या तारा वापरल्या जातात. आधीच्या आवृत्त्यांत चौदावी पिन केवळ राखीव होती. त्यामुळे चित्र निर्दोष दिसते म्हणून केबल चांगली, हा सर्रास केला जाणारा निष्कर्ष एआरसीच्या बाबतीत टिकत नाही. शिवाय एचडीएमआयच्या नेहमीच्या प्लगला ना स्क्रू असतो ना खटका; तो केवळ घर्षणाने बसलेला असतो. भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या अरुंद फटीत जाड केबल काटकोनात वाकवलेली असते, तिचे वजन सतत प्लगला खाली ओढत असते, आणि टीव्ही तापून गार होताना हा ताण कमीजास्त होतो. तपासणीच्या वेळी आवाज चालू ठेवून प्लगच्या मागची केबल दोन बोटांत धरून जेमतेम बोटभर वर उचलावी, मग खाली सोडावी. प्रत्येक वेळी आवाज तुटला तर दोषाची जागा सापडली, आणि पुष्कळदा केबलला भिंतीवर एक आधार दिला की नवी केबल घ्यावी लागत नाही.

चित्र आणि आवाज एकाच दिशेने जातात तेथे, म्हणजे प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत, प्रश्न वेगळा असतो. एचडीएमआयमध्ये आवाजाचे तुकडे चित्राच्या दोन ओळींमधील आणि दोन चौकटींमधील मोकळ्या वेळात पाठवले जातात, आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवण्याची सोय त्यात नसते. केबल तिच्या क्षमतेच्या काठावर चालत असेल तर चित्रात मधूनच पांढरे ठिपके चमकतात आणि त्याच सुमारास आवाज तुटतो. सेकंदाला ६० चौकटींचे १०८० रेषांचे चित्र सुमारे ४.५ गिगाबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह मागते, तर तितक्याच चौकटींचे ४के चित्र जवळजवळ १८ गिगाबिट, म्हणजे चौपट. म्हणून प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर आणणे ही एकही पैसा न लागणारी उत्तम चाचणी आहे. तेवढ्याने आवाज सुधारला तर केबल लांब, जुनी किंवा दबलेली आहे असे समजावे. याउलट चित्र पूर्ण काळे होऊन काही सेकंदांनी आवाजासह परतत असेल, तर एचडीसीपी या नक्कलरोधक व्यवस्थेकडे वळावे लागते, जिच्या पहिल्या पिढीत दोन्ही टोकांची उपकरणे दर १२८ चौकटींनी, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी, परस्परांची ओळख पडताळतात आणि उत्तर जुळले नाही की सारा व्यवहार पहिल्यापासून सुरू करतात. पंख्याचे बटण दाबताच किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताच हे घडत असेल, तर ठिणगीतून उठणाऱ्या विद्युत लहरी केबलमध्ये शिरत आहेत असा संशय घेण्यास जागा आहे, आणि अशा घरात आधी बोर्डाचे अर्थिंग पाहावे.

काही खंड तर बिघाडच नसतात. ऑनलाइन कार्यक्रमातील जाहिरात दोन चॅनेलची आणि मूळ कार्यक्रम ५.१ चा असला, तर प्रत्येक बदलाला रिसीव्हर नव्याने जुळवून घेतो आणि तेवढा क्षण गप्प राहतो. सबवूफरमध्ये आपोआप झोपी जाण्याची सोय असते. संवादप्रधान प्रसंग लांबला की तो झोपतो, आणि पुढचा स्फोट अर्धा उलटल्यावर जागा होतो.

बिनतारी मागचे स्पीकर हा शहरी फ्लॅटमधला खास विषय झाला आहे. त्यांपैकी अनेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, ज्यात घरचे आणि शेजारचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोवेव्ह हे सगळे दाटीवाटीने वावरतात. रात्री नऊच्या सुमारास दोष वाढतो आणि पहाटे नाहीसा होतो, असे ग्राहक सांगतो तेव्हा ते थट्टेवारी न नेता नोंदवून ठेवावे, कारण इमारतीतील वाय-फायची गर्दी त्याच वेळी वाढलेली असते. राउटर स्पीकरच्या ट्रान्समीटरपासून दूर हलवणे आणि घरचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेणे, एवढ्याने पुष्कळ घरांत काम भागते.

तारेच्या स्पीकरांत मात्र नजर बारीक लागते. अनेक पदरी तांब्याची तार टर्मिनलमध्ये पिळून बसवताना केसाएवढा एखादा पदर बाहेर राहतो आणि शेजारच्या टर्मिनलच्या अगदी जवळ येऊन थांबतो. हळू आवाजात काही होत नाही, पण जोराच्या खर्जाने कपाट हादरले की तो टेकतो, ॲम्प्लिफायर स्वसंरक्षणासाठी बंद पडतो, आणि हादरा थांबताच पदर पुन्हा सुटलेला असतो. असा पदर विजेरी तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. एकाच मार्गावर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, आणि त्यासाठी न बनलेला ॲम्प्लिफायर तापून मध्येच थांबतो; शोकेसच्या बंद कप्प्यात तर लवकरच. कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठच्या घरांत उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो, जो तार पुढे कापून ताजे तांबे बाहेर काढल्याशिवाय जात नाही. आणि यंत्र तापल्यावरच दोष येत असेल, तर आत ड्राय सोल्डर, म्हणजे वरून घट्ट दिसणारा पण आत पकड न धरलेला डाग, शोधावा लागतो. लाकडी काडीने सर्किटवर हलके टिचकत गेले असता आवाज जेथे तुटतो त्याच्या आसपास तो असतो. झाकण उघडून करायचे हे काम मात्र जाणकारानेच करावे, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

येथवरचे सारे शोधाचे झाले. दुरुस्ती सिद्ध कशी करावी हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि त्याची उपेक्षा अधिक होते. केबल बदलली आणि तासभर आवाज तुटला नाही, म्हणून बिल करून निघणे हे अपुरे काम आहे. सरासरी तासाला एकदा, पण कोणत्याही क्षणी, येणारा दोष जसाच्या तसा असला तरी एक तास शांतपणे जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, दोन तासांची साडेतेरा टक्के आणि तीन तासांची सुमारे ५ टक्के. दोन खंडांमधील सरासरी काळाच्या तिप्पट वाट पाहावी, हा हिशेब त्यावरून निघतो, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या दोषासाठी तीन आठवडे थांबणे कोणत्याही तंत्रज्ञाला परवडणारे नाही. म्हणून उलट तपासणी हाच व्यवहार्य मार्ग उरतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सुधारणा दिसली की जुना भाग पुन्हा लावावा, आणि दोष परत आला तरच त्या भागाला दोषी ठरवावे. गप्प होणारा स्पीकर आणि त्याचा जोडीदार यांच्या तारा रिसीव्हरच्या टोकाला अदलाबदल करण्याचे तत्त्वही हेच आहे. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर तो रिसीव्हरमध्ये आहे, जागीच राहिला तर तारेत किंवा स्पीकरमध्ये. जुना भाग पुन्हा लावून पाहणे ग्राहकाला विचित्र वाटते, ‘बरे झालेले कशाला बिघडवता’ असे तो म्हणतो, परंतु तेवढी दहा मिनिटे वाचवल्यामुळे जी खात्री हुकते ती नंतर कोणत्याही खर्चाने मिळत नाही.

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी वाचकांनी एवढे करावे: आवाज कोणत्या स्पीकरचा गेला, किती वेळ गेला, रिसीव्हरच्या पट्टीवर काय दिसले, चित्राचे काय झाले आणि तेव्हा घरात दुसरे काय चालू होते, हे वेळेसह कागदावर लिहून ठेवावे, आणि काढलेली जुनी केबल महिनाभर तरी फेकून देऊ नये.